डाव्या हाताची मूठ

फाल्गुन शुद्ध अष्टमी, सन १९५७. कुंभार पिंपळगाव. सकाळ, उन्हं ओसरीवर चढली तेव्हा.

हजर होते ते असे. भाऊजी, तुमचे यजमान आणि आमच्या यांचे थोरले भाऊ, तुमच्या उशाशी. आमचे हे, दारात, एक पाय आत आणि एक बाहेर. कौसल्या, तुमची लेक, आदल्या दिवशीच धावड्याहून आलेली, तुमचे तळवे चोळत. शेजारच्या कापडदुकानातल्या सुगनबाई, हातात पाण्याची वाटी आणि तुळशीचं पान. मी, तुमच्या उजव्या अंगाला. वैद्यांना निरोप गेला होता, ते पोचायचे होते.

हे मी त्याच दिवशी दुपारी लिहून ठेवलं. घरात माणूस गेलं आणि ही कागद घेऊन बसली, असं बायका म्हणाल्या असतील. म्हणोत. आक्का, तुम्हाला ठाऊकच आहे, लिहून ठेवल्याशिवाय एखादी गोष्ट खरंच झाली असं मला वाटत नाही. वडील मास्तर होते, त्यांनी लावलेली खोड. तुम्ही त्यावरून मला पंचवीस वर्षं बोललात. "शांते, कागदावर चूल पेटंल का गं? पेटंल तर मला बी लिहायला शिकव."

तेरावा होऊन आज चार दिवस झाले. पाहुणे गेले. मागून आणलेली भांडी ज्याची त्याला परत केली, परात एक कमी भरली ती कौसल्येच्या गाठोड्यात निघाली. सगळं जागच्या जागी आहे आणि मी दमले आहे. कामाने दमणं मला कळतं, झोपलं की जातं. हे जात नाही. म्हणून तुमच्याशी बोलायला बसले आहे. एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तिच्यापर्यंत यायला मला जरा वेळ लागेल.

तुमच्या अंगावरून वारं गेलं ते पावणेदोन वर्षांपूर्वी, आषाढात. दळण पाखडता पाखडता सूप हातातून गळालं आणि तुम्ही त्या सुपाकडे बघत राहिलात, जणू सुपाचीच काही चूक झाली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, जीभ जड झाली. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, पाय येईल, हाताची आशा धरू नका. मी घरी येऊन पाळ्या लावल्या. सकाळचं तेल कौसल्या, ती महिनाभर राहिली. कूस बदलणं मी. जेवण मी. दुपारी उठवून बसवणं आमचे हे आणि भाऊजी. कागद दाराच्या खुंटीला टांगला. तुम्ही त्याच्याकडे बोट करून कसंबसं म्हणालात, "माझी पाळी कवा?" आम्ही हसलो. तुम्हीही हसलात, अर्ध्या तोंडाने.

तेव्हा तुम्ही हसत होतात, हे मला आता राहून राहून आठवतं. ते तीन महिने तुम्ही आजारी होतात, पण तुम्हीच होतात. कुणीतरी सांगितलं, कबुतराच्या रक्ताने मालीश केली की लकवा उतरतो. भाऊजींनी कुठूनसं एक कबुतर आणलं. त्याला कापायचं कुणी यावर ओसरीवर वाद चालला असताना ते सुटलं आणि आढ्यावर जाऊन बसलं. आमचे हे शिडी लावायला निघाले.

"ऱ्हाऊ द्या," तुम्ही म्हणालात. "त्याला तरी दोन्ही पंख हायेत."

भाऊजींना हसू आवरेना. मग एकदम उठले आणि विहिरीकडे निघून गेले.

आश्विनात रब्बीची पेरणी आली.

आपल्या घरची रीत वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. पेरायच्या तिफणीची पूजा झाली की चाड्यावर, म्हणजे तिच्या बी सोडायच्या वाटीवर, पहिली मूठ घरातल्या मोठ्या सवाष्णीने धरायची. पुढे वावरभर कुणीही धरो. आपल्या घरी मात्र वावरभरही तुम्हीच धरत होतात, कारण तुमच्यासारखी मूठ गावात नव्हती. ओटीत ज्वारीचं बी, तिफणीमागे चालायचं, आणि मुठीतून दाणे असे सोडायचे की तिन्ही नळ्यांत सारखे पडावेत. सैल सोडले तर दाट, आवळले तर विरळ. तुमचं पीक उगवलं की लोक बांधावर थांबून बघत. मी लग्न होऊन आले त्या साली तुम्हाला विचारलं होतं, मोजता कसं? तुम्ही म्हणालात, "मोजत न्हाई. अंगठ्याला कळतं."

तो अंगठा आता गेला होता.

मोठ्या सवाष्णीनंतर पाळी माझी. पण तुम्ही जिवंत असताना, ओसरीवर बसलेल्या असताना, मी मूठ धरायची हे मला जड गेलं. तुमची जागा घेतल्यासारखं झालं असतं. मी दोन दिवस विचार केला आणि एक तोड काढली. तुम्हाला गाडीतून रानात न्यायचं, बी तुमच्याच उजव्या हातात ठेवायचं, तो हात आपण धरून चाड्यावर न्यायचा. रीत राहील, मानही राहील. पुढचं वावर मी पेरीन. मी हे यांना सांगितलं. यांनी भाऊजींना सांगितलं, कारण मी भाऊजींशी समोरासमोर कधी बोलत नाही. आणि भाऊजींनी तुम्हाला सांगितलं, "पहिला हात तुझाच लागू दे. रीत मोडायला नको."

गाडीत गादी घातली. तुम्ही हिरवं लुगडं मागून घेतलंत. रानात तिफणीला हळदकुंकू झालं, नारळ फुटला, बैल उभे राहिले. चार शेजारी बांधावर आले होते. मी तुमच्या उजव्या हातात बी ठेवलं आणि एक एक बोट मिटवलं. तेवढ्यात तुम्ही पदराआडून डावा हात काढलात, माझ्या ओटीत घातलात आणि मूठ भरून वर घेतलीत. बरोबर भरलेली मूठ होती, ना सैल ना घट्ट. "ही घे," तुम्ही म्हणालात. "हा चालतो."

मी तुमचं मनगट धरलं आणि खाली केलं. "डावा नको, आक्का. पहिली मूठ आहे. बरं दिसत नाही."

तुम्ही मूठ सोडलीत. दाणे माझ्या पायावर पडले. मग आम्ही तुमचा उजवा हात चाड्यावर नेला. तो उघडेना. बोटं आतल्या आत वळलेली होती. मी एक एक बोट उलगडलं, चार दाणे पडले, बाकीचे घामाने तळव्याला चिकटून राहिले. मी ते खरवडून काढले. बांधावरची माणसं दुसरीकडे बघू लागली. भाऊजी म्हणाले, "झालं, झालं, बास." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. माझ्याकडे नाही.

घरी आल्यावर मी तुमचे हात धुतले. रेषांत अडकलेले दोन दाणे परातीतल्या पाण्यात पडले. तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात. मग मी तुम्हाला निजवलं आणि तुम्ही भिंतीकडे वळलात.

तुम्ही सहा महिने भिंतीकडे तोंड करून होतात. भरवलं तर दोन घास, नाही तर तेही नाही. उठवून बसवलं की मान टाकायचात. भाऊजी आले की डोळे मिटायचात. एकदाच बोललात, मला, "कामून भरवून राह्यली गं तू? जनावर असतं तर सोडून दिलं असतं." मी म्हणाले, असं बोलू नये. मी पाळ्या वाढवल्या. तेल दोनदा केलं. दूध वाढवलं.

पौषात डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. मी कागद वाचून दाखवला: जेवण, शौच, झोप, तेल किती वेळा. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रडतात का?"

"नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"कुणावर चिडतात?"

"नाही."

"घरात काय चाललंय हे विचारतात?"

त्यासाठी माझ्या कागदात रकाना नव्हता. ते म्हणाले, "बाई, पाय सुधारलाय. माणूस खचलंय. त्यांना घरात घ्या." मला राग आला. घरातच तर होतात तुम्ही. आणखी कुठे घ्यायचं होतं?

आता कळतं की आम्ही तुम्हाला घरातून काढूनच टाकलं होतं, फार मायेने. कुणी काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. गाय आटली, सांगायचं नाही. कौसल्येच्या सासूशी वाजलं, सांगायचं नाही. आणि रानातलं तर मुळीच नाही. कारण रान मी पेरलं होतं आणि ते सगळ्या गावाने बघितलं होतं. चार पावलं दाट, दहा पावलं मोकळी. नांगेच नांगे. उगवून आलं तेव्हा मी बांधावर उभी राहिले आणि परत फिरले. आमचे हे म्हणाले, "असू दे, पहिलीच येळ हाय." तुम्ही विचारलं असतंत तर आम्ही सांगितलं असतं, छान उगवलंय. पण तुम्ही विचारलंच नाहीत.

सांगितलं सुगनबाईंनी, चैत्रात, हळदीकुंकवाला आल्या तेव्हा. त्यांना आमचं ठरलेलं ठाऊक नव्हतं. तुमच्या बाजेवर बसून त्या मोठ्याने म्हणाल्या, "आक्का, लवकर उठा बाई. यंदा तुमचं रान बघवत नव्हतं. बिलकुल बुढ्ढीच्या तोंडासारखं, एक दात इथं, एक दात तिथं!"

मी त्यांना डोळ्याने खुणावलं. उशीर झाला होता. तुम्ही वळलात. सहा महिन्यांनी तुमचं तोंड आमच्याकडे झालं.

"कुणी पेरलं?"

मी म्हणाले, "मी."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. जीभ जड होती, पण शब्द न् शब्द कळला. "मूठ धरली व्हती का लग्नात अक्षता टाकत व्हतीस?"

सुगनबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं कुंकू सांडलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चिडला होतात. चांगल्या, भरपूर चिडला होतात. "बैल कुणी हाकले? आन तू मागं बघितलं न्हाई का एकदा तरी? बी कुठलं घेतलं? उतरंडीतलं का कणगीतलं?" एकामागून एक. मी उत्तरं देत होते आणि रडत होते, आणि तुम्ही म्हणालात, "रडून काय उगवतंय आता?"

त्या दिवशी तुम्ही एक अख्खी भाकर खाल्लीत, स्वतःच्या हाताने, डाव्या. मी भरवायला घास उचलला तो तसाच माझ्या हातात राहिला.

त्यानंतर घरात रोज भांडण. मला त्याचा किती आधार वाटला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. भाजीत मीठ कमी म्हणून, गाईला कडबा कोरडा टाकला म्हणून, गोधडीचा टाका लांब पडला म्हणून. वैशाखात तुम्ही ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर बसून डाव्या मुठीतून ज्वारी सोडायला लागलात. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत एक रेघ. पहिल्या दिवशी मी ते दाणे झाडून सुपात भरले, वाटलं सांडलेत.

"दिसत न्हाई का तुला?" तुम्ही म्हणालात. "शिकून राह्यले मी. ह्या अंगठ्याला काई येत न्हाई. तुझ्यावानीच हाय."

मग मी झाडणं सोडलं. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. रेघ हळूहळू सारखी होत गेली. भाऊजी बाहेरून आले की त्या रेघेवरून पाय उचलून पलीकडे टाकायचे. बोलायचे नाहीत, कारण तुम्ही त्यांच्याशी बोलत नव्हतात. माझ्याशी भांडत होतात, यांच्याशी भांडत होतात, सुगनबाईंची थट्टा करत होतात. भाऊजींशी मात्र पाणी मागण्याएवढंही नाही. ते समोर बसून राहायचे.

आश्विन आला. मी काही ठरवलं नाही. एकदा ठरवून बघितलं होतं. तुम्हीच सकाळी म्हणालात, "लुगडं काढ. आन तुझ्या रीतीला सांग, ह्या सालाला डाव्या हातानं आलीय म्हणून."

"आक्का, लोक..."

"लोकांनी मागल्या साली बघितलं न्हाई का? मेलेल्या हातानं पेरून काय उगवलं?"

मी हिरवं लुगडं काढलं.

डाव्या हातात मूठ, मग काठी कशात धरणार? म्हणून तुमचा उजवा हात मी माझ्या गळ्यात घेतला आणि कमरेला विळखा घातला. भाऊजींनी बैल हाकले. एवढे सावकाश बैल मी जन्मात बघितले नाहीत. उभं नाही, बांधाकडचं आडवं तास, म्हणजे तिफणीच्या तीन ओळींची एकच फेरी धरली, तेवढंच तुम्हाला झेपणार होतं. तुमचा पाय ओढला जायचा, ढेकळाला अडायचा, मी उचलायची. तुमचं सगळं ओझं माझ्या खांद्यावर आणि तुमची नजर चाड्यावर.

"हळू. बाजाराला चाललीस का?"

"हळूच चाललेय, आक्का."

"मंग दम कामून लागून राह्यला तुला? लकवा मला झालाय."

पुढे भाऊजींची पाठ हलली. हसत होते की काय ते मला दिसलं नाही. अर्ध्यावर तुम्ही म्हणालात, "थांबवा." बैल थांबले. तुम्ही त्यांच्या पाठीकडे बघून, वर्षाने, त्यांच्याशी बोललात. "औंदा तरी रेघ नीट धरा. वाकडं चाललंय." भाऊजी म्हणाले, "बरं." आणि तास पुरं झालं. बांधावर पोचलो तेव्हा तुमच्या मुठीत तीन-चार दाणे उरले होते. ते तुम्ही तोंडात टाकलेत.

पुढचं वावर मीच पेरलं, तुम्ही बांधावर बसून शिव्या घालत होतात. पुष्कळ बरं उगवलं. पुढल्या साली मला अंगठ्याचं सगळं शिकवणार होतात.

आता ते, जे सांगायचं आहे.

त्या दिवशी परत येताना गाडीत तुम्ही माझ्या मांडीवर डोकं टेकलं होतंत. भाऊजी पुढे गाडी हाकत होते. तुम्ही म्हणालात, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मागल्या साली ह्यांनी चार माणसांत माझ्या मेलेल्या हाताचं सोंग केलं. लई लागलं मला. मनात यायचं, ह्या माणसासंगं पुन्हा बोलू नये. पर जाऊ दे. माणूस चांगला हाय, अक्कल न्हाई. माफ केलं मी."

मी गप्प बसले. भाऊजींनी मागे वळून बघितलं नाही. बैलाला उगाच एक शब्द टाकला आणि गाडी चालत राहिली.

आक्का, अक्कल त्यांची नव्हती. ती तोड माझी होती. दोन दिवस विचार करून काढलेली. ते फक्त निरोप घेऊन आले होते. आणि तुमचा डावा हात खाली केला तोही मीच. ते तुम्हाला दिसलं होतं, पण तुम्हाला वाटलं मी हुकमाची ताबेदार. भाऊजींना सगळं ठाऊक होतं. त्यांनी वर्षभर तुमचं न बोलणं सोसलं आणि एकदाही म्हणाले नाहीत की शांताने सांगितलं होतं. का, ते मला ठाऊक नाही. घर फुटू नये म्हणून असेल. तुम्हाला जेवू मी घालत होते, तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर कुणाच्या हातचं खाल्लं असतंत, असाही त्यांनी विचार केला असेल. ते बोलत नाहीत आणि मी विचारू शकत नाही.

त्या दिवशी गाडीतच सांगायला हवं होतं. मग दिवाळीत सांगीन म्हटलं. मग संक्रांतीला. तुम्ही बऱ्या होत होतात, काठीने न्हाणीपर्यंत एकट्या जात होतात. मला वाटलं पुष्कळ वेळ आहे. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. तुम्ही पुन्हा भिंतीकडे वळाल, ही एक. आणि दुसरी, तुम्ही माझ्याशी भांडणं सोडाल. षष्ठीच्या संध्याकाळी वारं दुसऱ्यांदा आलं. शेवटचा दीड दिवस तुम्हाला ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक. कौसल्या तुम्हाला हाका मारत होती, मी तोंडात पाणी घालत होते. बोलले नाही. घरात माणसं होती. आता मात्र सांगितलं. माफी मागते म्हणणं सोपं आहे, तुम्ही म्हणाला असतात, "मागून काय उगवतंय?" तरी मागते.

ज्वारी सुतकातच काढणीला आली. थांबणार कशी? बायका लावल्या, आमचे हे उभे राहिले, दोन दिवसांत वावर उपटून झालं. बांधाकडचं तुमचं तास मात्र तसंच आहे. "ते राहू द्या, घरचं माणूस उपटील," असं मीच सांगून पाठवलं होतं. सुरुवातीला जरा दाट, मग सारखं, शेवटी पुन्हा जरा दाट. भाऊजी रोज सकाळी तिकडे जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. एकट्याने हात लावत नसावेत. कणसं भरलेली आहेत, दाणा झडायला लागला आहे, चिमण्या बसल्या आहेत. मी त्यांच्याबरोबर जायला हवं, आणि उपटता उपटता, पदर डोक्यावर घेऊन का होईना, त्यांना सांगायला हवं की आक्कांना मी खरं सांगितलं. कालही गेले नाही. आजही घरात बसून हे लिहीत आहे.

तीन ओळी आहेत. दोन माणसांचं एका सकाळचं काम.